जमुनाचा अर्धा हिस्सा

मी, श्रीमती कौशल्या शेषराव काळमेघ, वय ६२ वर्षे, धंदा डाळ मिल, राहणार मूर्तिजापूर, जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पोटात गाठ आहे, पण डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर माझा मुलगा अमोल याला द्यावे. "मिल चालवणं बायाईचं काम हाय काय?" असे तो चार लोकांत म्हणाला होता. ते मी विसरले नाही. तरी घर त्याचेच.

२. सोन्याच्या पाटल्या सून सीमा हिला द्याव्या. या दुखण्यात तिने माझे सगळे केले.

३. डाळ मिल, तिची जागा, टिनाचे शेड, पाकीट सील करायची मशीन आणि मिलच्या खात्यातील शिल्लक खुशी गावंडे, वय २४, राहणार अमरावती, हिला द्यावी. अमोलने यात हक्क सांगू नये. कारण पुढे लिहिते.

खुशीची आई जमुना माझी शेजारीण. दोघी विधवा. २०२१ साली आपापली गळ्यातली सोन्याची पोत विकून आम्ही भागीदारीत ही मिल टाकली. वर्षभर दुकानदार आमचे पाकीट हातात घेत आणि परत ठेवत. जमुना पिशवी घेऊन अकोल्यात दुकानोदुकानी फिरली. शेवटी एका मोठ्या दुकानाने तुरीची डाळ घेतली, पण जीएसटीचे बिल मागितले. नोंदणी झाली त्या दिवशी जमुनाने गल्लीत पेढे वाटले.

आमचा कर सल्लागार गोवर्धन याने फी घेतली आणि पाच महिने विवरणपत्रे भरलीच नाहीत. नोंदणी रद्द होण्याची नोटीस आली तेव्हा आम्हाला कळले. थकलेली विवरणपत्रे भरायची शेवटची तारीख २० मार्च २०२४. गोवर्धनला मी माफ केलेले नाही. पण सगळेच त्याच्या अंगावर टाकता येत नाही.

४. त्या दिवशी गोवर्धन अकोल्याहून फोनवर होता. पाच विवरणपत्रे, प्रत्येकाला वेगळा ओटीपी, आणि तो जमुनाच्या मोबाइलवर यायचा. अकरा वाजता ती म्हणाली, "कौसल्या, छाती जड झाली वं."

मी म्हणाले, "पित्त असन. लिंबूपाणी घे. हे झालं का जाऊ दवाखान्यात."

चार ओटीपी आले. मग साइट बंद पडली. तिचे कपाळ घामाने भिजले होते. "एकच राह्यला वं, आता येते," मी म्हणाले. ती "बरं" म्हणाली आणि मोबाइल हातात धरून बसून राहिली. मोबाइल माझ्याजवळ ठेवून तिला पाठवता आले असते. एवढे मला सुचले नाही.

एक वाजता पाचवा आला. मग तिला अकोल्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली. बोरगाव मंजूच्या पुढे तिने माझ्या खांद्यावर मान टाकली.

नोंदणी वाचली. दोन महिन्यांनी दुसऱ्या सल्लागाराने सांगितले, रद्द झाली असती तरी अर्ज करून पुन्हा चालू करता आली असती.

सर्वांना मी "वाटेतच झालं" एवढेच सांगितले. खुशीने आईचा हिस्सा माझ्या नावे सोडल्याची सही केली, तीही माझ्यावर विश्वास ठेवून.

५. हे माझ्या मागे तिला कळावे, असे मला नको होते. म्हणून गेल्या रविवारी तिला बोलावून वरील मजकूर वाचायला दिला.

"किती वेळ थांबवलं तू तिले?" तिने विचारले.

"दोन तास."

"नेली असती तर वाचली असती?"

"मले नाही माहीत."

तिने कागद घडी न करता खाली ठेवला, चप्पल घातली आणि गेली. त्यानंतर तिने माझा फोन उचललेला नाही.

६. खुशीने मिल नाकारली तरी कलम ३ बदलू नये. कुलूप लावून ठेवावे, विकू नये.

७. मी गेल्याची खबर तिला द्यावी. ये म्हणू नये. यायचे की नाही, ते तिचे तिने ठरवावे.

हे सर्व पुन्हा वाचून, दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली आहे.

कौशल्या शेषराव काळमेघ

साक्षीदार:
१. गजेंद्र महादेव इंगोले, किराणा दुकानदार
२. माणिकबाई रामदास बोबडे, शेजारीण

मूर्तिजापूर, ११ जुलै २०२५