एकोणतीस वजा करताना

मोहाली, रविवार

प्रिय लीनाताई,

तुम्ही रोज संध्याकाळी फोनवरून कश्मिराला गणित शिकवत होतात, ते मीच बंद केलं. तिला ट्यूशन लावली असं सांगितलं, ते खोटं होतं. शाळेची रीत वेगळी, ती गोंधळेल, असं कारण मी स्वतःलाही दिलं. खरं म्हणजे ती तुमच्याशी हसत शिकायची आणि माझ्यापुढे रडायची, हे मला बघवत नव्हतं.

आज तिने बावन्न वजा एकोणतीस मांडलं आणि खाली नुसतं तेवीस लिहिलं. हातचा कुठेच नाही. मी ते खोडलं.

"अंदाजे लिहितेस का गं?"

"नहीं मम्मा. तीस निकाले, बाईस बचे. फिर एक वापस दिया."

"तीस कुठून आले?"

"एकोणतीस में एक कम है ना. आत्या बोली थी, नाम में ही लिखा है."

ताई, हा शब्द मी चाळीस वर्षं बोलते आहे. त्यात वजाबाकी आहे हे मला कधी दिसलं नाही. मराठीत उत्तरही न देणाऱ्या मुलीला तुम्ही ते दाखवलंत. चूक की बरोबर हे सांगण्याआधी तुम्ही नेहमी "कसं केलंस?" असं विचारायचात. मी आज पहिल्यांदा विचारलं, तेही खोडून झाल्यावर.

मी तेवीस पुन्हा लिहायला गेले, तर तिने पेन्सिल काढून घेतली. "मैं लिखूँगी. आप आत्या को फोन लगाओ."

पत्रात कबूल करणं सोपं होतं. आता ती शेजारी बसून ऐकणार आहे. फोन लावते.

तुमची भावजय,
मधुवंती