आबांची सळई

आबा,

पिंप्राळ्यातलं माझं पाइपलाइनचं काम पुन्हा बंद पडलंय, आणि तुमचा लाडका चेला शिरपूरकडची लाइन पुरून मोकळा झालाय. काळा खडक त्यालाही लागतो. रस्ता खोदायच्या परवानगीसाठी तोही हेलपाटे घालतो. पण जुनी लाइन फोडून तो खोळंबत नाही, मी खोळंबतो. माझ्याकडे मशीन आहे, नकाशा आहे. जुन्या लाइनी मात्र नकाशात कुणी दाखवलेल्याच नाहीत. साहेब म्हणतात, उरलेलं काम त्यालाच देऊन टाकू. ऐकून माझा नुसता जळफळाट होतोय.

तुम्ही पाणीपुरवठ्याचे मुकादम होतात तेव्हाची तुमची रीत आठवते. पाणी सुटायच्या वेळी गल्लीत जायचं, लोखंडी सळईचं एक टोक जमिनीवर टेकवायचं, दुसऱ्याला कान लावायचा. खालून पाणी वाहतंय का ते ऐकायचं, चुन्याची खूण करायची, मगच कुदळ. आम्ही दोघं तुमच्या मागे. तो डोळे मिटून ऐकत राहतो. एके दिवशी मी क्षणभरच कान लावतो, "खाली काही नाही" म्हणतो, कुदळ घालतो, आणि पाण्याचा फवारा थेट तुमच्या पायजम्यावर. तुम्ही ओरडला नाहीत. "तुना हातमा जोर शे, पन कानमा धीर नही," एवढंच म्हणालात, तेही त्याच्यासमोर. निवृत्त झालात त्या दिवशी सळई त्याला दिलीत आणि मला घड्याळ. पोटचा मुलगा मी होतो, आबा.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा लाइन फोडली. बायका रिकामे हंडे घेऊन अंगावर आल्या. तेव्हा न बोलावता तो आला, सळई घेऊन. सकाळभर ऐकून त्यानं गल्लीच्या टोकापर्यंत खुणा करून दिल्या. मी कसंबसं "बरं झालं, आलास" म्हणालो, तर म्हणतो, "भाऊ, आबानी शिकाडेल शे, त्यामा मनं काय?" चांगला वागला, म्हणून तर जास्त राग आला.

गडबडीत सळई तो इथेच विसरला. काल विचारायला आला. मी म्हटलं, पाहिली नाही. ती माझ्या खाटेखाली आहे. तुम्ही गेल्यावर पत्र तरी कुठे पाठवू, हेही तिथेच ठेवणार आहे. आज पाणी सुटलं तेव्हा अंगणात सळई टेकवली, कान लावला आणि चांगला अर्धा तास उभा राहिलो. ऐकू आलं, आबा. अगदी स्पष्ट. पण हे ज्याला खरं वाटेल असा माणूस तो एकटाच उरलाय, आणि त्याला सांगायचं तर सळई परत द्यावी लागेल.