मूठ कोणाच्या हाताची

मी, द्राहोमीरा ब्लाहोवा, वय सदुसष्ट, राहणार उहेर्स्की ब्रोद, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणीही कानाशी लागलेलं नसताना हे लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, पण स्मरणशक्ती शाबूत आहे, विशेषतः इर्माच्या बाबतीत.

१. घर, मागची आलुबुखाराची सात झाडं आणि तळघरातली दारू माझी मुलगी लेओना हिला. जावयाने बेताने प्यावी.

२. माझे पती कै. व्हिलेम बंदुकीच्या कारखान्यात लाकडी नमुने कोरत. त्यांच्या पटाशा सुतारशाळेला द्याव्यात.

३. व्हिलेमने कोरलेली लाकडी मूठ. रणगाड्याच्या चालकाला बसल्या जागी लांब बंदूक फिरवता येत नाही, म्हणून कारखान्याने दीड वितीची मशीनगन काढली. एवढ्याशा बंदुकीत आतल्या खिळीला धावायला जागा नाही, त्यामुळे ती पिसाळल्यासारखी झाडायची आणि हातात उसळायची. तिला आवरायला मुठीत एक वजन बसवलं. मूठही हातात चपखल बसायला हवी होती. हे मला नवरा गेल्यावर कळलं, कारण कारखान्याचं घरी बोलायचं नाही असा हुकूम होता. तिथेच आराखडे काढणाऱ्या इर्मा स्त्राकोवाला मात्र सगळं ठाऊक, आणि व्हिलेम तासन् तास तिच्या टेबलाशी. ही मूठ कोरली त्याच हिवाळ्यात माझा विणलेला उजवा हातमोजा नाहीसा झाला. इर्मानेच चोरला, असं मी खाटकाच्या रांगेत सगळ्यांदेखत म्हणाले. मूठ तिच्याच हातावर बेतली अशी माझी अडतीस वर्षं खात्री. जळफळाटाने मी मुठीला कधी हातसुद्धा लावला नाही. ती इर्माला द्यावी, ‘घे तुझी’ अशा चिठ्ठीसह.

४. कलम तीन रद्द. वकीलबाई म्हणाल्या, हयातीतच देऊन टाका. म्हणून काल इर्माला बोलावलं. तिने मूठ धरली, तर दोन बोटं बाहेरच राहिली.

“अगं वेडाबाई, ही माझी कुठली? तुझीच आहे. धर बघू!”

धरली. करंगळीची खाच अर्ध्यातच थांबते. माझी करंगळी बीट कापायच्या यंत्रात अर्धी गेली. मोजाही मी तसाच विणला होता.

“बंदूक लहान हातालाही आवरली पाहिजे, असं साहेब म्हणाले. व्हिलेम तुझा मोजा खिशात घालून आला. त्यावरूनच मी माप घेतलं.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, मेले?”

“मोजाचोर म्हणालीस ना मला? म्हटलं, बस जळत.”

मी रडले, हेही नोंदवते. मूठ माझ्या उजव्या हातात देऊन मला पुरावं. पण माझ्या हाताची गोष्ट नवऱ्याने तिला सांगितली, मला नाही. त्याचा हेवा मला आजही वाटतो.

५. जाता जाता इर्माने एक झाड मागितलं. वकीलबाई म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. म्हणून साक्षीदार तीच.

उहेर्स्की ब्रोद, २ ऑक्टोबर १९९८
सही: द्राहोमीरा ब्लाहोवा

साक्षीदार:
१. यारोमीर क्लिमेश, शेजारी
२. इर्मा स्त्राकोवा. कलम पाच वाचून सही केली. झाड ठेव तुझं. मोजा अजून माझ्याकडेच आहे.