बोर्गहिल्डला दिलेली गोळी

३ फेब्रुवारी
बोर्गहिल्ड आज मला चोर म्हणाली! एकोणनव्वद वर्षांची बाई, तीन दिवस धड जेवत नाही, सगळ्यांवर खेकसते. माझ्याबरोबरची नर्स अनलाउग म्हणाली, "अगं, आधी लघवी तपास. जंतुसंसर्ग झाला की म्हातारी माणसं अशीच बिथरतात." तपासपट्टी बुडवली — जांभळी, म्हणजे लघवीत जंतू. झालं, सापडलं कारण!

डॉक्टर सिवर्टसेनना फोन केला. त्यांचा प्रश्न ठरलेला — "ताप? जळजळ?" ताप नव्हता. जळजळीचं मी तिला विचारलंही नव्हतं. म्हटलं, "हो, जळजळ आहे." नाही म्हटलं असतं तर "पाणी पाजा, दोन दिवस थांबा" म्हणाले असते. वृद्धाश्रमाच्या या मजल्यावर अकरा म्हातारी माणसं आणि अनलाउगची पाळी संपली की मी एकटी. थांबायला वेळ कुणाला आहे? संध्याकाळी अँटिबायोटिक सुरू.

६ फेब्रुवारी
शांत झाली. मी जरा मिरवून घेतलं. तिची मुलगी राग्नफ्रिद बदामाचा केक घेऊन आली — "तू वेळेवर ओळखलंस, तोरुन!" दोन तुकडे खाल्ले.

१२ फेब्रुवारी
काल दुपारपासून जुलाब. तो वास मी ओळखते. दारातूनच मागे फिरून नमुन्याची डबी आणली. तपासणीत तोच जुलाबाचा चिवट जंतू निघाला — गोळीने आतड्यातले चांगले जंतू मारले, वाईटाला रान मोकळं!

या वयाच्या बायकांच्या मूत्राशयात जंतू असतातच. नुसते राहतात, त्रास देत नाहीत. पट्टी तेवढंच दाखवते. हे मला ठाऊक होतं! शरदातल्या प्रशिक्षणात ऐकलंय, वॅफल खात खात. कळतं पण वळत नाही, दुसरं काय.

१५ फेब्रुवारी
गाऊन, हातमोजे. हात साबणाने घासते — या जंतूला सॅनिटायझर काही करत नाही.

आज भानावर होती. आता विचारलं! लघवीला जळजळायचं का गं? "कधीच नाही. कवळी टोचते, पोरी. किती वेळा सांगू?" तोंडात बघितलं. खालच्या हिरडीला जखम, नखाएवढी.

१९ फेब्रुवारी
बोर्गहिल्ड गेली. सकाळी सव्वादहाला. राग्नफ्रिदने मला मिठी मारली. "किती केलंस तू आईचं!" मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२० फेब्रुवारी
सिवर्टसेनना फोन करून सांगितलं — जळजळ नव्हती, मी खोटं बोलले. ते म्हणाले, "तोरुन, खोटी जळजळ सांगितलेली ही एकटीच का?"

नाही, म्हटलं. आठवली तेवढी नावं सांगितली.