शिट्टीचं गाणं

रविवार, ९ मार्च
दुपार

प्रिय टकळी,

तुझं पाकीट मिळालं. येत्या शनिवारी नाट्यगृहात होणाऱ्या, रेडिओवरही लागणाऱ्या तुझ्या दहा गाण्यांच्या जाहीर कार्यक्रमाची पहिल्या रांगेची दोन तिकिटं, आणि चिठ्ठीत तुझ्या गिचमिड अक्षरात, ‘ताई, तुझ्याशिवाय कार्यक्रम नाही, नक्की ये.’ आम्ही दोघं बरे आहोत. ह्यांचा गुडघा कुरकुरतो, पण ते स्वतः कुरकुरत नाहीत, हेच माझं नशीब.

माझ्या कामाचं म्हणशील तर लोकांचे दात पडतायत तोवर मला मरण नाही. या महिन्यात एका निवृत्त मास्तरांची कवळी तीनदा परत आली. मापात काही खोट नव्हती. त्यांचं म्हणणं, ‘हसलो की मी मी वाटत नाही.’ शेवटी त्यांचा जुना फोटो मागवून घेतला आणि पुढचे दोन दात जरा वाकडे बसवून दिले. आता खूश आहेत.

आमच्या लॅबमध्ये रेडिओ दिवसभर चालू असतो, हे तुला माहीत आहे. की विसरलीस? तुझा ‘नव्वदच्या दशकातली माझी दहा गाणी’ हा कार्यक्रम दर शनिवारी लागायला लागल्यापासून आम्ही तिघींनी एकही शनिवार चुकवला नाही. मी तर बढाईच मारली होती, की ही माझी धाकटी बहीण, हिला पाळण्यात असल्यापासून गप्प बसता येत नाही.

दहावं गाणं ते चुटक्यांनी सुरू होणारं. तू सांगितलंस, की पहिल्या पगारातून जुना टेपरेकॉर्डर घेतला आणि त्या गाण्याची कॅसेट इतकी वाजवली की फीत बाहेर आली, मग पेन्सिल घालून गुंडाळत बसले. अगं, तो पगार माझा होता! तुझ्या पहिल्या पगारातून तू उंच टाचांच्या चपला घेतल्यास आणि त्याच दिवशी जिन्यावरून गडगडलीस. मी हसले. म्हटलं, आमची टकळीच ती, उचलली जीभ लावली टाळ्याला.

चौथ्या गाण्याला मात्र हसू आलं नाही. घड्याळं दुरुस्त करणारा तो मुलगा, मी कामावरून परतताना दुकानात तेच गाणं लावून ठेवणारा. चार महिने. मग त्याने विचारलं आणि मी नाही म्हटलं, कारण आई नव्हती, बाबा आजारी आणि तू शिकत होतीस. हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं. गच्चीवर, तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं तेव्हा. आणि तू ते रेडिओवर सांगितलंस, ‘मी नाही म्हटलं’ असं, मध्ये बरोबर थांबून, आवंढा गिळून.

आमच्या लॅबमधल्या थोरल्या मावशींनी प्लास्टरने माखलेल्या हातांनीच डोळे पुसले. म्हणाल्या, “तुझ्या बहिणीने किती सोसलंय गं! तुझं आपलं सगळं सरळ झालं.” मी “हो ना” म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्या संध्याकाळी मी फोन केला, तर तू दात काढत म्हणालीस, “अगं ताई, आपल्यात तुझं-माझं कधीपासून आलं? आणि तू थोडीच कुणाला सांगणार होतीस!” ते खरं होतं, म्हणूनच जिव्हारी लागलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच. तरी मी गप्प बसले. चूक माझीच, तुला लहानपणापासून माझ्या ताटातलं उचलायची सवय मीच लावली.

आणि काल पहिल्या क्रमांकाचं गाणं लागलं. ते शिट्टीचं.

तू म्हणालीस, बाबांना आपली गाणी म्हणजे मांजरांची भांडणं वाटायची. इथपर्यंत खरं. मग म्हणालीस, त्या गुरुवारी दवाखान्यात उशाशी रेडिओ चालू होता, शिट्टीचं गाणं लागलं, बाबांनी बोटाने ठेका धरला, हसले आणि गेले. ‘त्यांचा हात माझ्या हातात होता.’

टकळे, कुणाच्या गं हातात?

गुरुवारी सकाळी तुझा फोन आला होता, की रेडिओच्या नोकरीसाठीची आवाजाची चाचणी दुपारवर गेलीय, उद्या निघते. मी ‘ये सावकाश’ म्हटलं. त्याबद्दल मी तुला कधी बोलले नाही, आजही बोलत नाही. चाचणी महत्त्वाची होती.

पण शुक्रवारी तू आलीस आणि दारातच बसकण मारलीस. पाण्याचा घोटसुद्धा घेईनास. पुन्हा पुन्हा एकच, ‘त्यांनी माझी आठवण काढली का?’ तुझा तो चेहरा मला बघवेना. म्हणून म्हटलं, नाही गं, ते रेडिओत रमले होते, तुझं ते शिट्टीचं गाणं लागलं, ठेका धरला, हसतच गेले. मी तिथल्या तिथे रचलं. रेडिओचे सेल मंगळवारीच संपले होते. कुठलंही गाणं लागलं नव्हतं.

हे सांगायचं नाही असं ठरवलं होतं, आणि इतकी वर्षं पाळलं. माझा पगार घे, माझा घड्याळवाला घे. पण तू रडू नयेस म्हणून मी दिलेलं खोटं तू शनिवारी हजार लोकांना रडवायला वापरणार आहेस, आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायच्या? राग तर आलाच आहे. पण त्याहून, तू मला फसवलंस असं वाटतं, आणि तसं तुझ्याबद्दल आजवर कधी वाटलं नव्हतं.

तर खरं ऐक. बाबांनी दोनदा विचारलं, “टकळी आली का?” मी म्हटलं, “गाडीत बसलीय, पोचेलच.” ते दाराकडे बघत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, “तिला गाडी लागते. खिडकीशी बसलीय ना?” मी म्हटलं, “हो बाबा, खिडकीशीच.” ते त्यांचं शेवटचं बोलणं.

तिकिटं सोबत परत पाठवते. शनिवारी पहिल्या क्रमांकाला तुझं गाणं लाव. त्या गुरुवारी दुपारी चाचणीच्या खोलीबाहेर तू बाकावर बसली होतीस, तेव्हा तिथे काहीतरी वाजत असेलच. ते सांग. ते माझ्याकडून घ्यावं लागणार नाही.

मी लॅबमध्ये असेन. रेडिओ चालू ठेवीन.

बाबांना तू खिडकीशी बसलीस असं सांगणारी,
ताई