खुंटीवरचा कोट

प्रिय पोरी,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. फोन केला की तू कामात असतेस, आणि मला फोनवर धड सांगता येत नाही. तुझ्या आईचे गुडघे तसेच आहेत. माझी छाती धडधडते, पण ते नेहमीचंच.

तू आमच्या शीतगृहात आलीस तो दिवस सारखा आठवतो. दारांचा प्रोग्राम बनवण्याआधी कामगारांच्या चिंता गोळा करायला आली होतीस. पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्यास आणि जेवणघराच्या भिंतीवर त्यांचे गट लावलेस: यंत्राने काय करायचं, किती लवकर, किती सुरक्षित, आणि शेवटी यंत्राशी संबंध नसलेलं. मला काय अभिमान वाटला होता. मी चौथी शिकलेला, तरी चिठ्ठी स्वतः लिहिली. माणूस हजेरीचं कार्ड यंत्राला टेकवून बाहेर पडतो आणि विसरलेली वस्तू आणायला परत आत जातो. आतली कडी बर्फाने धरते, मग आतून दार उघडत नाही. म्हणून दार लावण्याआधी मी खुंट्यांवरचे जाड कोट बघतो, एक कमी असला तर आत हाक मारतो. आमच्यातला बुटका म्हणाला, "हा म्हातारा यमालाही हजेरी विचारेल." सगळे हसले, तूही हसलीस. "बाबा, ही तुमची काळजी आहे, सिस्टिमची नाही," म्हणालीस, कोपऱ्यात 'स्वभाव' लिहिलंस आणि चिठ्ठी शेवटच्या गटात डकवलीस.

मग दार कार्डं मोजून आपोआप लागायला लागलं. मला फाटकावर बसवलं. गेल्या महिन्यात एका शनिवारी बुटक्याने कार्ड टेकवलं, आणि चष्मा राहिला म्हणून कोट पुन्हा अंगात घालून आत गेला. सोमवारी दार उघडलं तेव्हा तो कडीपाशी बसलेला होता. चष्मा डोळ्यांवर होता. शनिवारी तो फाटकातून गेलेला मला दिसला नव्हता, पोरी. बघायला म्हणून उठलोसुद्धा. मग तुझा तो शब्द आठवला आणि परत बसलो.

साहेब म्हणतात, असा धोका कुणी सांगितलाच नव्हता. बुटक्याच्या बायकोने मला विचारलं, तुम्ही काही बोलला होतात का? मी नाही म्हटलं. भिंत साफ केली तेव्हा कोपऱ्यात तुझं अक्षर म्हणून माझी ती चिठ्ठी मी उचलून ठेवली होती. आई म्हणते, फाडा. आत्ता ती या पाकिटात घातली होती, पण परत काढून घेतली. पोटची पोर असलीस तरी तुझ्या हातात द्यायला मन धजत नाही. गुरुवारी मला चौकशीला बोलावलंय. दाखवू की फाडू, ते तूच सांग. या वेळी नीट वाच, आणि बुधवारपर्यंत तरी कळव.

तुझाच,
बाबा