शकुची पोरं

मरोळ, अंधेरी (पूर्व)
गुरुवार, २१ मार्च १९८५

तीर्थरूप सौ. सुगंधाताईस, दत्तारामचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. उत्तर तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा फाडलं. उद्या पाडवा. मालन म्हणाली, "ताईंच्या दारात गुढी नसताना आपल्याला श्रीखंड कुठून गोड लागायला?" म्हणून साधंच जेवण करतोय. अण्णांचा खोकला कमी आहे. गिरणी बंद पडून तीन वर्षं झाली, तरी अजून सकाळी उठून डबा मागतात. मालनही भरून देते. मग दहा वाजता खिडकीत बसून तोच डबा खातात.

तू लिहिलंयस, येत्या गुरुवारी शकुचा वाढदिवस, अकरावं लागलं असतं, तेव्हा तुझ्या प्रयोगशाळेत येऊन तिच्या पेशी बघून जाईन. आणि खाली लिहिलंयस, "माझी पोर तिथे तरी वाढतेय ना." हे वाक्य वाचल्यापासून पत्र खिशातून बाहेर काढलेलं नाही.

आधी एक सांगतो. तुमच्या मुलुंडच्या चाळीतल्या बायका म्हणायच्या ना, पोरीला उपाशी ठेवते म्हणून? तू ते मनाला लावून घेतलंस. तूप घातलंस, अंडी घातलीस, मे महिन्यात गावाहून आणलेलं खोबरं किसून किसून घातलंस. ताई, तुझ्या हातून काहीही कमी पडलं नाही. कातडीखाली चरबी धरून ठेवणाऱ्या पेशीच तिच्या अंगात टिकत नव्हत्या. म्हणून गाल बसले, कपाळावरच्या शिरा दिसायला लागल्या, शाळेच्या बाकावर हाडं टोचायची म्हणून तू उशी शिवून दिलीस. नऊ-दहा वर्षांच्या पोरीचं आतलं सगळं म्हातारं होत होतं. आमच्या सरांनाही ते का होतं हे ठाऊक नाही. पण ते अन्नाने होत नाही, एवढं नक्की.

तिच्या दंडाची मसुराएवढी कातडी काढली, तो दिवस तुला आठवत असेल. ताडून बघायला निरोगी माणसाचीही हवी होती, म्हणून सरांनी माझ्या दंडाची काढली. दोघांना एकेक टाका. शकु हात पुढे करून म्हणाली होती, "मामा, आपल्या दोघांचा टेलर एकच रे!" त्या दिवसापासून मी घरी आलो की दारातच विचारायची, "माझी पोरं जेवली काय?" बाटलीतल्या पेशींना ती पोरं म्हणायची. सोमवारी आणि गुरुवारी आम्ही त्यांचं पाणी बदलतो, त्यात अन्न असतं, हे मीच तिला सांगितलं होतं.

पेशी वाढून बाटलीचा तळ भरला की त्या सोडवून दोन बाटल्यांत वाटतात. पुन्हा भरल्या की पुन्हा वाटतात. माझ्या अजून वाटतोच आहे. शकुच्या तेरा वेळा वाटल्या. गेल्या गणपतीनंतर त्यांची वाढ थांबली.

तू नवरात्रात आलीस, तेव्हा थांबून महिना होत आला होता.

सूक्ष्मदर्शकाखाली मी जी बाटली ठेवली, तिच्यावर माझं नाव होतं. ते मी बोटाने झाकून धरलं होतं. तू एक डोळा मिटून बघितलंस आणि ओरडलीस, "दत्तू, काय भरल्यात रे! शेतात भाताचा तरवा उगवावा तशा!" माझा खांदा धरून रडलीस. ताई, त्या माझ्या होत्या. शकुच्या मी तुला कधी दाखवल्याच नाहीत.

तुला चार दिवस बरं वाटावं, एवढंच डोक्यात होतं. पण तू ते खरं धरून चाललीस. दिवाळीच्या सुट्टीत शकुने माझ्यामागे धोशा लावला होता, वर्सोव्याहून होडीत बसून मढला जायचं. आयुष्यात एकदाही होडीत बसली नव्हती पोर. मी न्यायला आलो. नवा रुमाल डोक्याला बांधून, चपला घालून बसली होती. तू म्हणालीस, "एवढ्या वाऱ्यात नको रे. आता पेशी भरतायत, अंगावर मांस चढेल. मे महिन्यात ने." ती माझ्याकडे बघत होती. त्या घरात मे महिन्याचं खरं मला एकट्याला ठाऊक होतं. मी म्हणालो, "हो शकु, मेमध्ये जाऊ." तिने चपला काढून ठेवल्या.

जानेवारीत तिचं हृदय बंद पडलं.

वर्सोवा माझ्या घरापासून किती लांब आहे, तूच सांग. परवा गेलो होतो. होडी भरली, मी काठावरच राहिलो. होडीवाला म्हणाला, "चल ना दादा, एक मानूस बसल अजून." मला चढवलं नाही.

येत्या गुरुवारी मी तुला पुन्हा माझीच बाटली दाखवू शकलो असतो. तू कधीच ओळखलं नसतंस. कालपर्यंत तेच ठरवलं होतं, हेही लपवत नाही.

शकुच्या पेशी मेलेल्या नाहीत, ताई. वाढ थांबली म्हणजे मेल्या असं नाही. थोड्या उरल्यात, पसरट झाल्यात, विरळ आहेत, पण जिवंत आहेत. सर म्हणतात, आता त्यांचा उपयोग नाही, महिनाअखेर बाटली टाकून द्या. तोवर त्यांचं पाणी मीच बदलतो.

तू गुरुवारी ये. तिची बाटली ठेवीन, नाव तुझ्या डोळ्यांसमोर राहील असं. तळ भरलेला दिसणार नाही. पण दिसतील त्या तिच्याच असतील. पाणी तू बदल, मी हात धरून शिकवीन. आणि यायचं नसेल, माझं तोंड बघायचं नसेल, तर तसंही चालेल. मी कुणाला विचारायला पाठवणार नाही.

आज गुरुवार. सकाळी अकराला शकुची पोरं जेवली.

तिला होडीत न नेलेला,
तिचा मामा
दत्ताराम